ट्रेबल नवावर

पृथ्वीतलावर कधीही न चुकणारा माणूस एकच, आणि तो रत्नागिरीत आमच्या शेजारी राहतो. ही माहिती मला खुद्द त्याच माणसाने दिली. "चूक दाखव, मिशी उतरवतो," हे नानांचं पालुपद. मिशी झुपकेदार होती. रेडिओ दुरुस्तीचं दुकान बंद पडलं तेव्हाही ती शाबूत राहिली, कारण नानांच्या मते चूक रेडिओ ऐकणं सोडणाऱ्या लोकांची होती.

दुकानातले उरलेले व्हॉल्व्ह पोह्यांच्या डब्यात घालून त्यांनी घरी आणले आणि बायकोच्या, म्हणजे माईंच्या गिटारसाठी अँप्लिफायर करायला घेतला. माई गिटार मांडीवर आडवी ठेवून, तारांवर पोलादी कांडी सरकवत जुनी गाणी वाजवतात. खोकं हापूसच्या पेट्यांच्या फळ्यांचं. आत तीनशे व्होल्ट, म्हणून नाना डावा हात खिशात ठेवूनच काम करत. दोन्ही हात लागले तर करंट काळजातून जातो म्हणे. पुढे पुढे ते आमच्याकडे चहाही तसाच पिऊ लागले.

मला त्यांनी सिद्धांत समजावला होता. गिटारचा आवाज मुळात कुपोषित. प्रीअँप त्याला खाऊपिऊ घालतो, टोन कंट्रोल वळण लावतो. "बाजारातल्या डब्यांवर हे संस्कार नसतात."

दिवाळीत अँप्लिफायर वाजला, आणि गोड वाजला. मी दोष शोधायलाच गेलो होतो. सापडला नाही.

मग माई म्हणू लागल्या, आवाज दबका येतोय. नाना खोकं आत नेत, कंडेन्सर बदलला म्हणून तासाभराने आणून ठेवत. दोनेक महिन्यांनी पुन्हा दबका, पुन्हा कंडेन्सर. मला काळजी वाटू लागली ती नानांची. ते वादच घालत नव्हते.

काल दार उघडलं तर समोर नाना, बिनमिशीचे. "चुकलं माझं," ते म्हणाले. "हिशोबच चुकला होता. चल, ऐकायला चल."

माई वाजवत होत्या. माझ्या दाढेत कळ आली. कुंपणाच्या गडग्यावरचं मांजर पलीकडे उतरून गेलं.

"आता जरा बरा येतोय," माई म्हणाल्या. "तुला कसा वाटतो रे?"

मी तोंड उघडणार तोच नानांनी माझ्या पायावर पाय दिला. छान, मी म्हणालो.

"पण मिशी कशाला उतरवलीत हो?" माईंनी नानांना विचारलं.

"शब्द म्हणजे शब्द."

माई हसल्या आणि पुन्हा वाजवू लागल्या. नानांनी मला मागच्या पडवीत नेलं.

"हिशोब बरोबर आहे," ते हळू म्हणाले. "एकही कंडेन्सर बदललेला नाही. ट्रेबलचं, म्हणजे वरच्या सुरांचं, बटण तेवढं पुढे करतो. कान जातायत तिचे."

डॉक्टरांचं मी सुचवलं.

"नेणार, काहीतरी निमित्त काढून. पण त्याआधी कळलं तर गिटार गेली. हळदीकुंकवाला एकदा सूर चिरकला, तर गाणं सोडलंन तिनं. पुन्हा कधी गुणगुणलीसुद्धा नाही."

डावा हात अजून खिशातच होता. तो त्यांनी बाहेर काढला. मुठीत चुरगळलेला कागद होता, त्यावर ट्रेबलचे आकडे. दिवाळी, पाच. संक्रांत, सहा. शिमगा, आठ. आज, नऊ.

बटण दहापर्यंतच फिरतं.