अण्णांची उजवी वळणं

हिवाळ्यातल्या एखाद्या रविवारी सकाळी तुम्ही आमच्या कोपरगावच्या शाळेच्या मैदानावरून गेलात आणि सत्तरीचा, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातला एक माणूस गवतात रांगताना दिसला, तर घाबरू नका. डॉक्टरलाही बोलावू नका. ते आमचे शेजारी उत्तमअण्णा. कुत्र्यांच्या अडथळा शर्यतीचा मार्ग तपासताहेत.

"उभ्यानं काय कळतंय, सर? कुत्र्याला दिसतं तेवढंच आपल्याला दिसाय पायजे. या खाली," असं म्हणून त्यांनी मलाही दोनदा रांगायला लावलंय. दुसऱ्या वेळी कुंपणापाशी माझ्याच वर्गातल्या मुली उभ्या होत्या. त्यानंतर महिनाभर मला वर्गात गणित शिकवणं जड गेलं.

अण्णांची सगळी नोकरी जमीन मोजणीत गेली. दोन भावांच्या बांधावर उभं राहून टेप धरायचा आणि दोघांच्याही शिव्या खायच्या. निवृत्त झाल्यावर गावात या शर्यती सुरू झाल्या आणि मार्ग आखायचं काम आपसूक त्यांच्याकडे आलं. उडीच्या काठ्या, कापडी बोगदा, झुलती फळी, नागमोडी पळायला रोवलेले दांडके, सगळं टेप लावून. सकाळचं ऊन कुत्र्याच्या डोळ्यांत जातंय असं वाटलं, की अख्खा बोगदा फिरवणार. "अवघड करा, पन समद्यांला सारखं अवघड करा," हे त्यांचं पालुपद. कुणी हुज्जत घातली की वर, "हद्द म्हंजे हद्द!"

एकदा एका बागायतदारांनी भांडण काढलं. त्यांचा डॉबरमन उंच, म्हणून त्याला उंच काठी. "ह्या बुटक्यांला खालची काठी आन आमाला वरची? ह्यो कुठला न्याय?" अण्णांनी खिशातून टेप काढला, बागायतदारांच्या कमरेला लावला आणि तेवढ्या उंचीवर काठी बसवून म्हणाले, "मारा उडी. न्हाई तर तुमच्या नातवाला मारू द्या. काठी तीच ठिवतो." बागायतदार हसत हसत मागं सरले. एका बाईंचं झुबकेदार पॉमेरेनियन मोजताना तर अण्णांनी त्याचे केस तळहातानं दाबून धरले. "केस न्हाई, हाड मोजायचं."

या माणसाच्या घरात मंजुळा होती. लालसर, गावठी कुत्री, तालुक्यात सगळ्यांत चपळ. काकू गेल्यापासून घरात ती दोघंच. अण्णा तिला "बाई" म्हणायचे आणि आधी तिला वाढून मग स्वतः जेवायचे. पण शर्यतीत तिला कधी उतरवलं नाही. "आखनारा आन पळनारा एका घरातला नसावा." वर्षानुवर्षं ती दोरीबाहेर बसून आपल्यापेक्षा मंद कुत्र्यांना बक्षिसं घेताना बघत आली.

यंदा मात्र अण्णा एका संध्याकाळी माझ्याकडे आले आणि न बसताच म्हणाले, "सर, ह्या साली मार्ग तुमी आखा." मंजुळाचा उजवा डोळा गेला होता. डावाही फार दिवस टिकणार नाही, असं जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. "एकदा पळू द्या तिला. दिसतंय तवर."

मी आखला. आणि सांगायला लाज वाटते, पण त्या म्हाताऱ्याच्या मायेपोटी सगळी वळणं डावीकडे, तिच्या दिसत्या डोळ्याच्या बाजूला ठेवली. कुणाला कळणार होतं?

शर्यतीच्या दिवशी सकाळी अण्णा रांगायला लागले. निम्म्यात थांबले आणि गवतातच मांडी घालून बसले.

"सर, आठच्या आठ वळनं डावीकडं?"

"जमून आलं तसं, अण्णा."

"आसं जमून येत नसतंय." त्यांनी चष्मा पुसला. "तुमी पोरीसाठी केलं, मला कळतंय. पन बाकीच्यांची कुत्री काय चोरीची हायेत? चार फिरवा."

मला रागच आला. अहो, एका दिवसापुरता तरी टेप घरी ठेवायचा! पण चार वळणं आम्ही उजवीकडे फिरवली. फळी त्यांनी स्वतः उचलली.

मंजुळा पळाली ती बघण्यासारखी. पहिल्या काठ्या, बोगदा, फळी, एकही चूक नाही. लोक शिट्ट्या मारायला लागले. मग पहिलं उजवं वळण आलं. तिथं माणसाला आतल्या अंगानं, म्हणजे कुत्र्याच्या उजव्या बाजूनं पळावं लागतं. अण्णा तिकडे गेले आणि तिच्या लेखी नाहीसेच झाले. ती थांबली. इकडे वळली, तिकडे वळली. अण्णा हाका मारत होते, पण त्या गलक्यात तिला आवाजाची दिशा लागेना. मैदानाच्या मधोमध शेपूट पोटाखाली घालून ती थरथरत उभी राहिली. घड्याळ चालूच होतं.

शर्यतीत कुत्र्याला हात लावला की बाद. हा नियम अण्णांनीच दरवर्षी भोंग्यावरून वाचून दाखवलेला. ते दोन पावलं पुढे झाले, वाकले आणि तिच्या मानेवर हात ठेवला.

"हाय गं बाई. हितंच हाय मी."

शेपूट हळूहळू बाहेर आलं. अण्णांनी दुसरा हात वर केला. "सायेब, हात लागला. बाद करा."

पुण्याहून आलेले परीक्षक भले माणूस. ते हातातल्या कागदात बघत म्हणाले, "माझं लक्ष नव्हतं, अण्णा. पळू द्या तिला."

"माझं हुतं की," अण्णा म्हणाले.

परीक्षकांनी नाइलाजानं शिट्टी वाजवली.  अण्णा तिला घेऊन सावकाश दोरीकडे निघाले, तिच्या डाव्या बाजूनं, दिसेल असे. मानेवरचा हात मात्र त्यांनी काढला नाही.