येथे एक स्त्री काम करते

डब्यांचं दुकान चालवणाऱ्या हिसानो कुराबायाशी यांचा उजवा खांदा सोमवारी धरला आणि बुधवारी पाळणाघरातून निरोप आला, "पुढच्या सोमवारपासून साठ डबे वेळेवर आले नाहीत, तर आम्हाला दुसरीकडे बघावं लागेल." साठ डबे गेले की दुकानाला कुलूपच. बाई तडक रोजगार कचेरीत गेल्या.

"मदतीला बाई पाहिजे."

"काकू, 'बाई पाहिजे' असं लिहिता येत नाही. जाहिरातीत बाई-पुरुष भेद करायचा नाही, असा कायदा आहे," खिडकीतली मिनेगिशी म्हणाली.

"अगं, माझं स्वयंपाकघर एवढंसं! पाठीला पाठ घासल्याशिवाय दोघांना वळता येत नाही. या वयात परक्या पुरुषाशी पाठ घासू होय?"

मिनेगिशीने आवाज खाली आणला. "सगळे लिहितात, 'आमच्याकडे अनेक स्त्रिया उत्साहाने काम करतात.' वाचणारे काय ते समजतात. पुरुष फिरकत नाहीत."

"अनेक कुठल्या? मी एकटीच आहे."

"बरं, मग उत्साहाने तरी?"

"खांदा बघ माझा!"

हिसानोबाईंनी जन्मात खोटं लिहिलं नव्हतं. बराच खल होऊन जाहिरात लागली: 'डब्यांचं दुकान. मदतनीस पाहिजे. येथे एक स्त्री काम करते.'

झालं! गावातल्या बायकांनी ती वाचली आणि त्यांचं एकमत झालं, की हिसानो दुसरं लग्न करतेय, आणि तेही सरकारी खर्चाने. मग आपण कशाला मध्ये कडमडायचं? एकही बाई आली नाही. शनिवारी सकाळी दारात उभे राहिले ते इस्त्रीचे शर्ट घातलेले तीन विधुर.

"ती स्त्री कुठाय?" पहिल्याने विचारलं.

"तुमच्यासमोर उभी आहे."

त्याला एकदम दाताच्या डॉक्टरकडे जायचं आठवलं.

दुसऱ्याने खरबूज आणलं होतं. "घर स्वतःचं आहे. आई गेल्या वर्षी वारली."

"भात शिजवता येतो का?"

"तो तुम्हीच शिजवणार ना?"

हिसानोबाईंनी खरबूज ठेवून घेतलं आणि त्याला वाटेला लावलं.

तिसरे तातेवाकी. माकूळ मासळी धरणाऱ्या बोटीवर तीस वर्षं स्वयंपाकी होते. त्यांनी हात धुतले आणि तांदूळ निवडायला घेतले. बोटीवरचं स्वयंपाकघर याहून अरुंद, आणि वर हलणारं. "मागून आलो!" म्हणत ते गरम कढई घेऊन बाईंच्या मागून अलगद तिरपे सरकायचे. दुपारपर्यंत साठ डबे भरून झाले. बाईंच्या पाठीला कुणाचा धक्का म्हणून लागला नाही.

तरी बाईंनी करड्या आवाजात विचारलंच, "तुम्हीही लग्नाचं मनात धरून आलात का? आधीच सांगा."

"छे हो. बोटीवर बावीस जणांचं मी एकटा रांधायचो. संध्याकाळी हात वर होत नसे, शर्टसुद्धा दुसऱ्याने काढायचा. जाहिरातीत वाचलं, एक स्त्री काम करते. म्हटलं, एकटीच? हाल होत असतील."

नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत हे कुणी बोललं नव्हतं. बाईंना भरून आलं. कांद्यावर ढकलावं, तर त्या दिवशीच्या डब्यात कांदा नव्हता.

"सोमवारी पहाटे पाचला या," त्या भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "आणि जाताना खरबूज खाऊन जा."

सोमवारी डबे वेळेवर पोचले. दहाच्या सुमारास मिनेगिशीचा फोन आला.

"काकू, मिळाली का बाई?"

"नाही मिळाली," हिसानोबाई म्हणाल्या. "जाहिरात काढून टाक."