लेनर्डचं वजन

एल्डरकोटच्या फाटकाशी विल्फनं तोंड उघडलं नसतं, तर लेनर्ड गाजावाजा न होता नाशपातीखाली विसावला असता.

एल्डरकोट ही लोकांना बघायला खुली असलेली जुनी हवेली, बाग तिचीच. लग्न झाल्यापासून एनिड आणि लेनर्ड दर रविवारी इथं येत. हवेलीच्या आत जायची लेनर्डला गोडी नव्हती. ज्या खुर्चीवर बसायचं नाही ती बघायची कशाला, असं तो म्हणे आणि भिंतीलगतच्या नाशपातीखाली जाऊन बसे. जातानाही त्यानं तीच जागा मागितली. बागेत रक्षा टाकायला सक्त मनाई होती. म्हणून एनिडनं त्याला बिस्किटांच्या डब्यात भरलं, झाकणाला चिकटपट्टी लावली आणि आधाराला धाकट्या दिराला सोबत घेतलं. आधार कसला, तो विल्फ होता!

"डब्यात काय आहे?" फाटकावरच्या मिसेस थर्केटलनी विचारलं.

"केक!" विल्फ म्हणाला.

त्या दिवशी नेमकी बागेच्या मदतीसाठी केकची विक्री होती. मिसेस थर्केटलनी डबा एनिडच्या हातातून काढूनच घेतला. "अगं बाई, केवढा जड! सुक्यामेव्याचा दिसतोय. मग हा वजन ओळखायच्या स्पर्धेला. बरोबर ओळखेल त्याचा केक."

"झाकण तेवढं उघडू नका," विल्फनं आणखी अकलेचे तारे तोडले. "ब्रँडी उडून जाईल."

खरं सांगावं तर मनाई, वर चारचौघांत तमाशा. तमाशा करण्यापेक्षा नवरा गेलेला परवडला, अशाच घरात एनिड वाढली होती.

"वहिनी, मी गुपचूप उचलून आणू का?"

"भावोजी, तुम्ही आता काही म्हणजे काही करू नका."

टेबलावर जॅमच्या बरण्यांमध्ये लेनर्ड बसला. लोक येत, त्याला दोन्ही हातांनी तोलत. पाद्रीबाबांनी झाकणाशी नाक नेऊन वास घेतला. एका बाईंनी तर त्याला कानाशी धरून हलवलं. हयातीत लेनर्डला कुणी पाठीवर थाप मारलेलीही खपत नसे.

"वजन डब्यासकट की डब्याशिवाय?" तिनं विचारलं.

"डब्यासकट."

एनिडच्या जिवात जीव आला. दहनगृहवाल्यांनी लेनर्ड पुरता दिलाय की नाही, हे तिनं घरच्या काट्यावर डब्यासकट तोलून पाहिलं होतं. तिनं चिठ्ठीवर आकडा लिहिला आणि निकालाची वाट पाहिली.

"मिसेस पार्जिटर! एका औंसाचाही फरक नाही!" मिसेस थर्केटलनी एनिडची चिठ्ठी उंचावली.

टाळ्या पडल्या. एनिडनं डबा छातीशी धरला. ती वळणार, तोच मिसेस थर्केटलनी सुरी पुढे केली. "अहो, निघालात कुठं? जिंकेल त्यानं कापून सगळ्यांना द्यायचा, इथली रीत आहे."

"मला नाही जमणार."

"एवढासा तुकडा," पाद्रीबाबा बशी घेऊन पुढे झाले.

एनिडला एकदम रडू कोसळलं. चारचौघांत ती पहिल्यांदाच रडत होती.

"ह्यात माझे मिस्टर आहेत," ती म्हणाली. "मला त्यांना नाशपातीखाली ठेवायचंय. दुसरं काही नको मला."

पाद्रीबाबांनी बशी मागे घेतली. डबा हलवणाऱ्या बाईंनी आपले हात पाठीमागे लपवले.

मिसेस थर्केटलनी सुरी खाली ठेवली. "मनाई म्हणजे मनाई. माझ्या नजरेस पडलं, तर मला अडवावंच लागेल." मग घसा खाकरून त्या गर्दीकडे वळल्या. "मंडळी, आज हवेलीची धुराडी किती सुरेख दिसताहेत! सगळ्यांनी जरा तिकडे बघा बरं."

सगळ्यांनी नाशपातीकडे पाठ केली. पुरुषांनी टोप्या काढल्या. विल्फ वळून बघायला लागला, तशी पाद्रीबाबांनी त्याची मान धरून पुन्हा धुराड्यांकडे केली.

एनिडनं सावकाश डबा रिकामा केला. बोलायचं होतं ते बोलली. वारा नेमका हवेलीच्या दिशेनं होता. लोकांच्या खांद्यांवर काहीबाही येऊन पडलं, पण कुणी झटकलं नाही.

"झालं," परत येऊन ती म्हणाली.

"काय झालं? आम्ही तर धुराडी बघत होतो," मिसेस थर्केटल डोळे पुसत म्हणाल्या. "बसा, चहा ओतते."

त्यांच्या हॅटच्या काठावर थोडासा लेनर्ड बसला होता. एनिडनं तो पाहिला आणि मुकाट्यानं चहा घेतला.