तिसऱ्या भाकरीचं उत्तर

एका जंगलात, बाळांनो, एक साळू डॉक्टर होऊन परत आली. सात डोंगरांपलीकडे शिकलेली. टोचायला तिला सुई शोधावी लागत नसे. पाठीवर हात फिरवला की हव्या तेवढ्या.

येताना तिला वाटलं होतं, आपण विचारू, आया रडतील, आपण डोळे पुसू आणि जंगल सुधारेल. प्रत्यक्षात कुणी रडेचना.

सोबत तिनं एक फॉर्म आणला होता. बाळाला टोचण्याआधी घरचं विचारायचं. खायला आहे का? राहायला आहे का? रीत चांगलीच होती. नुसतं बाळ तपासून काय होतं? बाळ राहतं घरात.

पहिली आली शेवरी सशीण. कडेवर बाळ टुणका, मागे सासू.

“घरात खायला पुरेसं आहे?” साळूनं विचारलं.

“आत्ताच जेवून आलो,” सासू म्हणाली.

“आणि राहायला?”

“ऐसपैस आहे हो. तुम्हीच या एकदा.”

साळूनं बरोबरची खूण केली. हरणीनं तेच सांगितलं, खारीनंही तेच. फॉर्म दरबारात गेले. कोल्हा प्रधानानं दवंडी पिटली, जंगल भूकमुक्त झालं. साळूला मानाचा तुरा मिळाला. काट्यांत खोवल्यावर तो कुठला, ते तिलाही ओळखू येईना.

महिन्यानं शेवरी आणि सासू पुन्हा आल्या, टुणका पुन्हा तराजूत बसला. मागच्या खेपेला तो तीस बोरं भरला होता. आता चोवीस.

साळूनं बोरं बदलून तोललं. चोवीसच. असाच उतरत गेला, तर तराजूत ठेवायला टुणका उरणार नाही, हे तिला एकही डोंगर न ओलांडता कळलं असतं.

“हे जेवून येतात तरी कुठं?” ती हळूच कासवमावशीला म्हणाली. मावशी दवाखाना झाडायची. सकाळी सुरू केलेला केर संध्याकाळी दारापाशी पोचायचा.

“ताई, तुमचा कागद एकदाच विचारतो,” मावशी म्हणाली. “आपल्यात पहिल्यांदा नको म्हणतात. दुसऱ्यांदा नको हो म्हणतात. खरं ते तिसऱ्यांदा. तेही ताटापाशी.”

मावशीनं आपला डबा उघडून शेवरीच्या सासूपुढे धरला. नाचणीची भाकरी, चाकवताची भाजी.

“घ्या, सासूबाई.”

“नको.”

“घ्या हो.”

“नको हो, पोट तुडुंब आहे.”

“माझी शपथ.”

“बरं, अर्धीच.”

अर्धी अर्धी करत सासू-सुनेनं डबा पुसून काढला. शेवटच्या घासाला सासू म्हणाली, “राजेसाहेबांना पळायला नवी वाट केली, तिच्यात आमचं बीळ आलं. बुजवलं त्यांनी. आता खडकावर असतो. तिथं गवत नाही. हिला दूध येत नाही.”

“आत्याबाई, लोकांत काय सांगता,” शेवरी पुटपुटली.

“लोकांत नाही गं. जेवताना सांगतेय.”

साळूनं त्या दिवशी आलेल्या सगळ्यांना तीनतीनदा विचारलं. सगळे फॉर्म नव्यानं भरून दरबारात धाडले. संध्याकाळी कोल्हा धापा टाकत आला.

“डॉक्टरीणबाई, तुम्ही तीनदा विचारायला लागलात आणि जंगलात भूक आली. ही साथ तुम्ही पसरवलीत. यापुढे प्रश्न एकदाच विचारायचा. राजाज्ञा आहे.”

साळूचे काटे उभे राहिले. मग हळूहळू बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दवाखान्याच्या दारात चूल मांडली आणि ठरवलं, राजाज्ञा पाळायची. प्रश्न एकदाच विचारायचा. तिसरी भाकरी वाढून झाल्यावर.

तात्पर्य : भूक हा विचारल्यानं पसरणारा रोग आहे. ज्याला आपलं राज्य सुखी ठेवायचं असेल, त्यानं प्रजेला एकदाच विचारावं, लांबून विचारावं, आणि हातात भाकरी असताना तर मुळीच विचारू नये.