तू तिथंच थांब

चेअरलिफ्टमधून उतरताना दादासाहेब आपटले आणि चंदाबाई उतरायच्या राहूनच गेल्या.

स्कॉटलंडमधली ती स्कीची छोटीशी टेकडी. बर्फाला अजून महिना होता, म्हणून लोक नुसतेच डोंगर बघायला वर जात होते. लिफ्ट पन्नास वर्षांची जुनी. जाड तारेला लटकलेल्या दोन-दोन माणसांच्या खुर्च्या, सतत फिरणाऱ्या. वर पोचलं की चालत्या खुर्चीतून टुणकन उतरायचं. नागपूरहून कॉव्हेंट्रीला मुलाकडे आलेल्या या जोडप्याला प्रणयने हौसेने इथवर आणलं, खुर्चीत बसवलं, खाली पडू नयेत म्हणून दोघांचे फोन काढून घेतले आणि तो ऑफिसच्या कॉलसाठी गाडीत जाऊन बसला.

वरचा माणूस दादासाहेबांना उचलायला धावला, तोवर खुर्ची वळसा घालून चंदाबाईंना खाली घेऊन निघालीसुद्धा.

खाली लिफ्ट सांभाळणाऱ्या साराने त्यांना हात धरून उतरवलं. पण नवऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन वर्षच झालेलं. "माय हजबंड फॉल!" एवढं सांगून चंदाबाई पुढच्याच खुर्चीत बसल्या. तिकडे दादासाहेबही कपडे झटकून बायकोच्या मागे निघाले होते. अर्ध्या वाटेत दोघं समोरासमोर आले.

"अहो! तुम्ही काहून निघाले? लागलं का?"

"मला काय धाड भरली! तुलाच आणायला निघालो. तू वर थांब, मी येतो!"

"तुम्ही खाली थांबा, मी येते!"

खुर्च्या एकमेकींना ओलांडून गेल्या. दोघांनीही आपापला शब्द पाळला. वीस मिनिटांनी, जवळजवळ त्याच जागी, आता दादासाहेब वर चालले होते आणि चंदाबाई खाली.

"तुला थांब म्हटलं होतं ना!"

"मीपण थांबाच म्हटलं होतं! चाळीस वर्षांत एकदा तरी ऐका माझं!"

"बरं, ऐकतो! आता हलत नाही!"

"मग मीपण नाही हलत!"

कॉल संपवून प्रणय आला तेव्हा आई बाकावर एकटीच बसली होती.

"आई, बाबा कुठंयत?"

"वर. मी थांबायला सांगितलं."

"मग तू जा ना वर."

"मी हलणार नाही म्हणून शब्द दिलाय."

साडेचारला लिफ्ट बंद व्हायची. चार वाजून गेल्यावर साराने वॉकी-टॉकीवरून वर विचारलं. उत्तर आलं, आजोबा ठीक आहेत, पण खुर्चीत बसायला तयार नाहीत. चंदाबाई बाकावरून उठल्या. साराने वॉकी-टॉकी त्यांच्याच हातात दिला.

"हॅलो, जयभीम," पलीकडून दादासाहेबांचा आवाज आला. "चंदा, दुसरं कोणी ऐकत नाही ना?"

प्रणय खांद्याला खांदा लावून उभा होता. "कोणी नाही," चंदाबाई म्हणाल्या. "गुडघा दुखतो का?"

"गुडघा ठणठणीत आहे." मग नुसतीच खरखर. "भीती वाटते गं. पाय अधांतरी लोंबकळतात."

"अन् मघाशी दोनदा एकटे बसले ते?"

"तेव्हा तुझी काळजी होती. आता तू सुखरूप पोचलीस, तर नुसती भीतीच उरली."

प्रणय उगीचच डोंगराकडे बघू लागला. काय झालं, असं साराने विचारलं, तेव्हा चंदाबाईंनी कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली.

"हिला सांग, बाबांना मला वरचा view दाखवायचाय."

प्रणयने गंभीरपणे भाषांतर केलं. साराने छातीवर हात ठेवला आणि आजींना खुर्चीत बसवलं.

शेवटच्या खुर्चीतून दोघं खाली आले ते एकमेकांना चिकटून, हातात हात घालून आणि दोघांचेही डोळे गच्च मिटलेले. साराने त्यांच्यासाठी लिफ्ट चक्क थांबवली.

"मग? कसा होता view?" प्रणयने विचारलं.

"फारच सुंदर!" दोघं एकदमच म्हणाले. दादासाहेबांनी तर अजून डोळेही उघडले नव्हते.