पिवळ्या टोप्यांची सहल

"माझ्या सहलीत पाच मिनिटांची चूक काढून दाखवा, मिशी उतरवतो!"

अन्सेल्म इपोलित सरांनी हे त्या आठवड्यात कॅरिबियन बेटावरच्या सूफ्रिएर गावातल्या प्रत्येक दुकानात सांगून ठेवलं होतं. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेला माणूस. बेटाची एका दिवसाची सहल त्यांनी शाळेच्या वेळापत्रकासारखी आखली. नऊला बोटीचा धक्का, सव्वानऊला कोकोचा मळा, साडेदहाला धबधबा, बाराला ज्वालामुखी, दीडला गरम चिखलात स्नान, साडेतीन ते तीन चाळीस प्रश्नोत्तरं!

"अहो, आणि माणसांनी शू कधी करायची?" बायकोनं, युलालीनं विचारलं.

"धबधब्यावर. पाण्याचा आवाज ऐकला की आपोआप आठवण होते."

सहली पाठवणाऱ्या कंपनीच्या व्हर्नेबाईंनी बजावलं होतं, "युरोपातले बारा जण, पिवळ्या टोप्या. बोट पाचला सुटते. हे जमलं तर अख्खा हंगाम तुमचा!" पेन्शनीत घराचं गळकं छप्पर दुरुस्त होत नव्हतं. सरांना हंगाम हवाच होता.

नऊला धक्क्यावर बारा पिवळ्या टोप्या उभ्या. सरांनी कुठून आलात विचारलं. "लंडनहून!" झालं! सरांनी बारा जणांना मोजून गाडीत कोंबलं.

एक टकलू गृहस्थ म्हणाले, "पण सर, माझा जन्म इथलाच..."

"प्रश्न शेवटी!"

"अहो, आमची आत्या..." एक जाडजूड बाई म्हणाल्या.

"शेवटी, बाई, शेवटी!"

आवाजच असा होता की पन्नाशीचे बाप्ये हाताची घडी घालून बसले. कोको झाला, धबधबा झाला, खदखदत्या डबक्यांपुढे गंधकाचा वास घेत व्याख्यान झालं. दीडला सगळे ठेवणीतल्या कपड्यांनिशी चिखलात उतरले आणि म्हशींसारखे निवांत पडून राहिले. सर मनात म्हणाले, काय शिस्तीचे लोक!

साडेतीनला सरांनी घड्याळ पाहिलं. "हं, आता विचारा!"

बारा हात एकदम वर!

"सर," जाडजूड बाई म्हणाल्या, "फिलोमेना आत्याच्या शंभराव्या वाढदिवसाला आपण पोचणार कधी? जेवण बाराला होतं. आम्हाला वाटलं, तिनंच गंमत म्हणून तुम्हाला पाठवलंय!"

सरांच्या पायाखालचा ज्वालामुखी सरकला. "तुम्ही... बोटीवरचे नाही?"

"बोट लागते मला!" टकलू म्हणाले.

मग बोटीवरचे बारा कुठे? गाडी अशी पळवली की चिखल वाळून पोपडे उडायला लागले.

आत्याच्या अंगणात ढोल वाजत होता. बारा डॅनिश पाहुणे, पिवळ्या टोप्या तिरक्या, कच्च्या केळ्यांची भाजी आणि खारा मासा चापून नाचत होते. आत्यानं भाचरांना ओळखू यावं म्हणून पिवळ्या टोप्या घालून धक्क्यावर थांबायला सांगितलं होतं आणि गाडी पाठवली होती, गाडीवाल्यानं उरलेल्या पिवळ्या टोप्या उचलल्या होत्या! मधोमध खुर्चीत आत्या. एका सहा फुटी सोनेरी दाढीवाल्याचा गालगुच्चा घेऊन ती म्हणत होती, "लंडनात मेलं ऊनच नाही! पोरं बघा कशी पांढरीफटक पडलीत!"

मग तिला दारातले चिखलाचे बारा पुतळे दिसले. "आणि ही भुतं कोण?"

"आत्या, आम्ही!"

ती इतकी हसली की दात हातात काढून ठेवावे लागले. मग प्रत्येकाला जवळ घेतलं. तीस वर्षांनी भेटत होती ती; नवा झगा चिखलानं भरला, तिकडे तिचं लक्षही नव्हतं. सर बाजूला मान खाली घालून उभे. डॅनिश मंडळी मात्र निघायला तयार होईनात. पाचला दोन मिनिटं कमी असताना त्यांना कसंबसं बोटीत ढकललं.

सकाळी व्हर्नेबाईंचा फोन. सर बोलणी खायला उभेच राहिले.

"सर, काय सहल हो! पाहुणे म्हणतात, जन्मात अशी पाहिली नाही! मुख्य म्हणजे मार्गदर्शक कुठे मध्ये मध्ये बोलला नाही! हंगाम तुमचा. दर गुरुवारी हेच, आत्यासकट!"

सर टोपी हातात घेऊन आत्याकडे गेले. चाचरत सगळं सांगितलं.

"दर गुरुवारी शंभर?" आत्या म्हणाली. "गाव काय आंधळं आहे? एक्क्याऐंशीपासून सुरू करू. आठवड्याला एक वर्ष. वीस आठवड्यांत हंगामही संपतो न् मीही शंभरावर येते." तिनं सरांकडे बघून सुस्कारा सोडला. "भूगोलवाल्यांना गणित कधी जमलंच नाही, बाबा!"