टिपणीस डॉक्टरांचा टीव्ही

टिपणीस डॉक्टर कुणालाही "कसे आहात?" असं विचारत नसत. ते सरळ म्हणत, "आ करा."

दातांच्या दवाखान्यात हे ठीक आहे. पण भाजीबाजारात, पोस्टाच्या रांगेत, एसटीतसुद्धा तेच. शर्टाच्या खिशात बोटाएवढी बॅटरी कायम असायची. एकदा रोह्याला एका पेशंटच्या लग्नात ते आणि मी, त्यांची मदतनीस, आहेर द्यायला स्टेजवर गेलो. डॉक्टरांनी नवरदेवाचा हात हातात घेतला आणि तो सोडायच्या आत बॅटरी काढली. "आ करा बघू. अक्कलदाढ आडवी येतेय. फिरायला जायच्या आधी दाखवून जा." फोटोग्राफरने नेमकं तेव्हाच बटण दाबलं. त्या जोडप्याच्या अल्बममध्ये तो फोटो अजून असेल: नवरदेवाचा जबडा सताड उघडा, डॉक्टर आत डोकावताहेत, आणि मागे हातात स्टीलचा डबा घेतलेली मी, भूत बघितल्यासारखी.

मी सांगते आहे त्या काळापर्यंत मला त्यांच्या दवाखान्यात अकरा वर्षं झाली होती. नंबर लावणं, हत्यारं उकळणं, एक्स-रे धुणं आणि वह्या ठेवणं ही माझी कामं. सोमवार, बुधवार, शुक्रवार पेणला रामवाडीत दवाखाना. मंगळवार, गुरुवार, शनिवार रोह्याला. अकरा वर्षांत मला त्यांची सवय व्हायला हवी होती. झाली नाही. एकदा रोह्याच्या वाटेवर खांब गावात एसटी थांबली असताना ते ड्रायव्हरच्या तोंडात बॅटरी मारत उभे राहिले आणि मागून कंडक्टर घंटी देत राहिला. मी खिडकीकडे तोंड करून, यांना ओळखत नसल्यासारखी बसले होते. तरी त्यांनी हाक मारलीच, "शैलाबाई, लिहून घ्या! खाली उजवीकडे, सहावा!"

लिहून घेतलं. त्याचा उपयोग मात्र व्हायचाच असं नाही. पेणच्या माणसाला दाढ रोह्यात ठणकायची आणि त्याचा एक्स-रे पेणच्या कपाटात असायचा. मी खाकी पाकिटं पिशवीतून इकडून तिकडे न्यायची. तरी हवं ते पाकीट नेमकं दुसऱ्या गावात. आणखी एक वही होती, तिचा मला जास्त त्रास व्हायचा. ज्यांना डॉक्टर मुंबईच्या मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी देत त्यांची नावं डावीकडे आणि जे जाऊन आले त्यांची उजवीकडे. उजवीकडचं पान जवळजवळ कोरं होतं. लोक चिठ्ठी घडी करून खिशात ठेवत, "व्हय, जाताव" म्हणत, आणि जात नसत.

नव्वदीचं दशक संपत आलं तेव्हा डॉक्टरांनी एके दिवशी टेम्पोतून दोन कॉम्प्युटर आणले, एक पेणला, एक रोह्याला. बरोबर एक्स-रे आत घेणारं स्कॅनर, फोनच्या तारेला जोडायचा मोडेमचा डबा आणि जाड पेन्सिलीसारखा कॅमेरा. तो तोंडात धरला की दात टीव्हीवर दिसत, कलिंगडाएवढे. "आता पाकिटं नाहीत, शैलाबाई. पेणची दाढ रोह्यात दिसेल. मुंबईतसुद्धा दिसेल." मी कॉम्प्युटरवर टॉवेल पांघरला आणि मनात म्हटलं, डॉक्टर गेले कामातून.

पहिल्याच आठवड्यात कंपनीतून रात्रपाळी करून आलेला एक गडी खुर्चीत बसला होता. डॉक्टरांनी शेजारच्या खोलीत फोनचा डबा चालू केला. तो डबा लाइन लागताना जो आवाज काढायचा, तो ऐकून गडी ताडकन उठला. "डाक्तर, ती कंची मशीन? ती माज्या तोंडात घालायची नाय हां!" आणि गळ्यातल्या रुमालासकट तो रस्त्यावर. रुमाल दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोने आणून दिला.

हे सगळं मी गिळलं. पण हिराबाई आल्या त्या सोमवारी जे झालं, ते गिळता आलं नाही.

हिराबाई धरमतरच्या खाडीकडच्या. मिठागरात काम करायच्या आणि लहानपणापासून मिश्री लावायच्या. दाढ दुखते म्हणून आल्या होत्या. पेशंटचं लक्ष दुसरीकडे राहावं म्हणून डॉक्टर टीव्हीवर केबल लावून ठेवत आणि कॅमेरा तोंडात गेला की बटण दाबून चित्र बदलत. त्या दिवशी केबलवर पेणच्याच साडीच्या दुकानाची जाहिरात चालली होती. हिराबाई साड्या बघत होत्या. डॉक्टरांनी बटण दाबलं आणि साड्यांच्या जागी हिराबाईंचं तोंड आलं, काळ्या हिरड्यांसकट.

त्यांनी कॅमेऱ्याला कडकडून चावा घेतला.

"आगो बाय माजे! मना टीवीवर दावला! बंद करा डाक्तर! गुरवारी माजे पोरीचा साखरपुडा हाय रोह्याला. सोयऱ्यांचे घरान केबल हाय!"

"हिराबाई, हे फक्त याच खोलीत दिसतं."

"आत्ता साड्या दिसल्या त्या पन याच खोलीत व्हत्या काय?"

हिराबाई तोंडावर पदर घेऊन निघून गेल्या. डॉक्टर मात्र टीव्हीच्या रिकाम्या पडद्याकडेच बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "गालाच्या आत पांढरा चट्टा आहे, शैलाबाई. मला तो आवडला नाही." अकरा वर्षांत एखादी गोष्ट त्यांना आवडली नाही असं मी पहिल्यांदाच ऐकलं. चट्ट्याचा फोटो मुंबईच्या त्याच मोठ्या इस्पितळातल्या त्यांच्या वर्गमित्राला पाठवायचा होता. तो अशाच चट्ट्यांचा डॉक्टर. पण फोटो निघालाच नव्हता.

बुधवारपर्यंत बातमी खाडीपलीकडे गेली: टिपणीस डॉक्टर बायकांची तोंडं केबलवर सोडतो. सकाळच्या सगळ्या बायकांनी नंबर रद्द केले. दोन नवरे भांडायला आले. कळस म्हणजे स्वतः केबलवाला आला. "डॉक्टर, माझ्या लायनीवर काय सोडता तुम्ही? लोक मला विचारतात, पुढचा भाग कधी!"

डॉक्टरांनी त्याला "आ करा" म्हटलं नाही, तेव्हाच मी ओळखलं की माणूस काळजीत आहे. त्यांनी स्कूटर काढली. "बसा मागे."

"मी?"

"बाईमाणूस बरोबर नसेल तर ती बोलणार नाही."

चाळिशी उलटलेली मी, डॉक्टरांच्या स्कूटरवर, भर दुपारी रामवाडीतून. पेणमध्ये त्या दिवशी बोलायला आणखी एक विषय झाला.

मिठागराच्या बांधावरून डॉक्टर पॉलिश केलेल्या बुटांनी चालत गेले. हिराबाई आणि त्यांची जाऊ पारूबाई मीठ ओढत होत्या. डॉक्टरांना बघताच हिराबाईंनी पदर ओढून घेतला.

"आज माझं तोंड टीव्हीवर लावतो," डॉक्टर म्हणाले. "पारूबाईंनी चौकातल्या हॉटेलात बसून केबल बघायची. मी दिसलो तर दवाखाना बंद करतो. नाही दिसलो तर तुमचा फोटो काढू द्यायचा."

पारूबाई लगेच हात झटकत उठल्या. "चल गो हिरा. डाक्तरचा तोंड बघाला मिलतंय."

दवाखान्यात डॉक्टर स्वतः पेशंटच्या खुर्चीत बसले आणि कॅमेरा माझ्या हातात दिला. त्यांनी आ केला. पडद्यावर दातांची पांढरीशुभ्र, सरळ रांग आली. मग त्यांनी दोन बोटं आत घातली आणि ती रांग बाहेर काढली.

वरचे सगळे दात. कवळी!

मी या माणसाबरोबर अकरा वर्षं डबा खाल्ला होता. पडद्यावर नुसत्या गुलाबी हिरड्या होत्या, तान्ह्या पोरासारख्या. हिराबाईंनी पदर सोडला आणि पुढे वाकून बघायला लागल्या.

"डाक्तर, तुमाला तं एक पन दात नाय!"

"वरचा नाही," डॉक्टर बोबडं बोलले. "बत्तिसाव्या वर्षी गेले. तेव्हा कुणाला दाखवायची लाज वाटली."

पारूबाई धापा टाकत आल्या. "तितं टीवीवर एक बाई वांगी भरते. डाक्तर नाय कुठं." मग पडद्याकडे बघून त्या थबकल्या. "ह्यो कोन गो?"

हिराबाई खुर्चीत बसल्या. "काढा फोटू. पन बिगीबिगी."

एक फोटो जायला अर्धा तास लागला. मध्येच माडीवरच्या घरमालकीणबाईंनी त्याच लाइनवरचा फोन उचलला आणि लाइन तुटली. डॉक्टर जिन्यात उभे राहून ओरडले, "वहिनी, ठेवा! फोनमध्ये हिराबाईंचा गाल आहे!" पुन्हा पहिल्यापासून.

शुक्रवारी हिराबाई साखरपुड्याचे पेढे घेऊन आल्या. उत्तर आलेलं होतं. डॉक्टरांनी त्यांना शेजारी स्टुलावर बसवलं आणि कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघून वाचायला सुरुवात केली.

"हिराबाईंना नमस्कार. तुमचा फोटो मिळाला. मी तो स्वतः दोनदा बघितला. चट्टा आहे, पण तुम्ही वेळेवर दाखवलात हे फार चांगलं केलंत. गालाचा तिळाएवढा तुकडा काढून तपासावा लागेल. दुखणार नाही, सुन्न करून काढतो. सोमवारी सकाळी या. इथे गर्दी असते, पण घाबरू नका, मी तुमच्या नावाने हाक मारीन. मुलीचा साखरपुडा नीट झाला ना? लग्नाला आईचं तोंड हसतं हवं. म्हणून उशीर करू नका."

हिराबाई ऐकत होत्या. पदर हातातच राहिला होता.

"येवडा लिवलंय?"

"एवढं लिहिलंय."

"मोटा डाक्तर माजे पोरीची चौकशी करतो?" त्यांनी पडद्यावरच्या इंग्रजीवरून बोट फिरवलं. "मंग जावाला होवा. पारूला घेऊन जाताव सोमवारी."

मी मागे उभी होते. मला इंग्रजी वाचता येतं. पडद्यावर दीड ओळ होती: चट्टा संशयास्पद, तुकडा तपासणे आवश्यक, पेशंट पाठव. नमस्कार नव्हता, साखरपुडा नव्हता, हिराबाईंचं नावसुद्धा नव्हतं.

हिराबाई सोमवारी खरंच मुंबईला गेल्या, चट्टा वेळेत निघाला आणि उन्हाळ्यात पोरीचं लग्न झालं, हे सगळं पुढचं. मला आठवते ती शुक्रवारची दुपार. त्यांची पाठ वळताच मी डॉक्टरांवर तुटून पडले.

"पेशंटला खोटं वाचून दाखवता? ती बाई तिथे नावाने हाक मारायची वाट बघत बसेल! कुणी नाही मारली, की उठून परत येईल!"

"म्हणून तर," डॉक्टर म्हणाले आणि चष्मा पुसून टाइप करायला बसले. त्यांना दोनच बोटांनी येत असे. एकेक अक्षर शोधत होते. फोनच्या डब्याने त्याचं ओरडणं सुरू केलं. मी खांद्यावरून वाचत राहिले आणि हळूहळू माझं भांडणं बंद झालं. इंग्रजीत लिहिलं होतं ते असं:

"सोमवारी हिराबाई येतील. तू लिहिलं नव्हतंस ते मी त्यांना तुझं म्हणून वाचून दाखवलं. आता ते तुला खरं करावं लागेल. त्यांना नावाने हाक मार. मुलीच्या साखरपुड्याचं विचार. तोंडावरचा पदर काढायला त्यांना वेळ लागेल, घाई करू नकोस. काम झाल्यावर चहा विचार. नको म्हणतील. तरी दे."